राखीव गडी

भात कापून झालं की आमच्या मुळशीकडं एक वेगळाच मोकळेपणा येतो. पावसाळाभर बांधावरून तोल सांभाळत चालायचं, ते संपतं. खाचरं कोरडी पडतात, वाटेल तिकडून आडवं जावं, पायाला धसकटं टोचतील तेवढीच. ऊन चांगलं वर आलं तरी धुकं खोऱ्यातून निघायला कुरकुर करतं. मग अशाच एखाद्या सकाळी लांबून कर्ण्यातून खरखरीत आवाज येतो, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," आणि मला कळतं, शाळांच्या खेळांचे दिवस आले.

मी आता हिंजवडीत मुलाकडे राहते. आमच्या गॅलरीतून एकच भातखाचर दिसतं, तेही किती वर्षं दिसेल सांगता येत नाही. परवा सून चहा देता देता म्हणाली, "आई, शनिवारी ईराची खो-खोची मॅच आहे, पौडला. तुम्ही याल का? म्हणजे... विहानकडे बघायला कुणीतरी हवं. मला तिकडं ईराजवळ थांबावं लागेल." ईरा माझी नात, विहान तिचा चार वर्षांचा भाऊ. सासूला मॅच बघायला म्हणून न्यायचं आणि तिच्या हातात पोर द्यायचं, हे बरं दिसतं का, असा संकोच सुनेच्या तोंडावर उघड दिसत होता.

मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, "अगं, येते की! पौडच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले तीच मुळी पोरं सांभाळायला. त्या जागेवर माझी नेमणूक फार जुनी आहे."

ती नुसतीच हसली. सगळं सांगत बसले असते तर तिची ऑफिसची बस चुकली असती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं हे. रिहे खोऱ्यात आमचं गाव, गावात सातवीपर्यंतची शाळा आणि शाळेत त्या वर्षी नव्यानं आलेल्या बाई. बाई पुण्याच्या. पदर कमरेला खोचून पोरींबरोबर पळायच्या, आणि हे बघायला सुरुवातीला गावातली म्हातारी माणसं कुंपणाशी येऊन उभी राहायची. आल्या आल्या त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ काढला. गावात खेळण्याजोग्या मुली मोजून दहा. नऊ मैदानात, एक बाहेर. बाहेरची ती मी.

पळायला मी काही वाईट नव्हते. पण खो-खोत ऐन वेळी अंग जमिनीवर झोकून द्यावं लागतं, सूर मारावा लागतो, आणि मी ऐन वेळी थांबून कोपरांचा विचार करायची. बाईंनी मला जवळ घेऊन सांगितलं, "सुमित्रा, तू राखीव. राखीव खेळाडूसुद्धा संघातच असतो बरं का." मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटला! असला शब्द आमच्या घरात आजवर कुणाला मिळाला नव्हता. तशीच पळत खळ्यावर गेले.

"आये, मी राखीव हाय!"

झोडणी चालू होती. आईनं हातातली पेंढी फळीवर आपटली, भाताचा सडा पडला, कपाळावरचा भुसा पुसत ती म्हणाली, "राखीव म्हंजी गं?"

"म्हंजी समद्यांसंगं जायाचं. त्या खेळत्यात तवर बाहीर बसायचं."

"आन बसून काय राखायचं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आमच्याकडे राखायची म्हणजे गुरं, नाहीतर पाखरांपासून भात. आईनं दुसरी पेंढी उचलली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "आत्ता कळलं! पोरी खेळत्यात तवर त्यांची बारकी भावंडं राखायची. शानी हाय की गं तुजी बाई. मग आपल्या छबीला बी घिऊन जात जा."

आईनं हे कळलेलं स्वतःपाशी ठेवलं असतं तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिनं साऱ्या बायांना सांगून टाकलं की बाईंनी पोरं राखायची सोय केली हाय, माजी सुमी त्याच्यावर हाय. झोडणीच्या दिवसांत घराघरांत माणूस अपुरं, बारकी पोरं पायात येणारी. ही बातमी त्यांना गोडच लागली. संध्याकाळी सरावाला दहा मुली आल्या आणि त्यांच्या कडेवर, बोटाला, परकराला धरून सात पोरं आली.

बाई बघतच राहिल्या. "अगं, हे काय?"

कमल पुढं झाली. कमल म्हणजे आमच्या संघाचा जीव, तिच्याइतकं चपळ पोरगं गावात नव्हतं. तिच्या कडेवर तिचा तीन वर्षांचा भाऊ बंड्या होता. "बाई, सुमी राखीव हाय न्हवं? आई म्हणली, बंड्याला न्हेत आसशील तर जा, न्हाईतर घरी बस."

बाईंनी राखीव शब्दाचा अर्थ फोड करून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरं होती तिथंच होती. बाई हुशार होत्या. पोरं परत पाठवली तर त्यांच्या मागं मुलीही जातील, हे त्यांनी ओळखलं. सुस्कारा सोडून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "बरं, सुमित्रा. राख मग."

मुलग्यांच्या कबड्डीच्या संघात एकाच्याही कडेवर कुणी नव्हतं. हे तेव्हा आम्हांला खटकलंसुद्धा नाही. आता खटकतं, पण त्यावर रागवायचं म्हटलं तरी त्या सात पोरांची तोंडं आठवतात आणि राग टिकत नाही.

मैदानाच्या कडेला करंजाचं झाड होतं, त्याखाली माझा संसार. करंजाच्या वाळलेल्या शेंगा पुष्कळ पडलेल्या असायच्या, हलवल्या की आत बी खुळखुळायची. पेंढ्याची काडी दुमडून मी बाहुल्या करायची, त्यांची लग्नं लावायची, वरात काढायची. एक पोर माती खायचं. एक उगाच उठून ओढ्याच्या दिशेनं चालू लागायचं, त्याला कुठं जायचं असायचं ते त्यालाच ठाऊक. माझी छबी चार वर्षांची, तिचं सगळ्यात एकच पालुपद, "मी बी!" रडण्याचेही मला प्रकार कळायला लागले. भुकेचं रडणं खालून सुरू होतं, झोपेचं चिरचिर करत येतं आणि बहीण दिसेना झाली की जे निघतं त्याला आधी काही सूचनाच नसते. शाळेत मी बेताची होते, पण या विषयात मला शंभरातले शंभर पडले असते.

पण खरी अडचण रडण्याची नव्हती. बोलण्याची होती. खो-खोत पाठलाग करणारी मागून येते, बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवते आणि "खो" म्हणते, की बसलेलीनं उठून पळायचं. खो मिळाल्याशिवाय उठली तर फाऊल. आता ही सात पोरं रोज संध्याकाळभर तोच एक शब्द ऐकत होती. बंड्याला धड "पाणी" म्हणता येत नव्हतं, "पाई" म्हणायचा. पण "खो" असा खणखणीत म्हणायचा की पंचानं शाबासकी द्यावी. तो करंजाखालून "खो" म्हणायचा आणि तिकडं पाटीत, म्हणजे आखलेल्या रांगेत, बसलेली कमल ताडकन उठायची. पाठीवर हात पडलाय की नाही, हे बघणार कोण? भावाचा आवाज आधी तिच्या पायांत शिरायचा, मग डोक्यात. एखाद्याच्या कामाला खो घालतात म्हणजे काय करतात, ते मी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं.

एका संध्याकाळी तर कमल ओळीनं इतक्यांदा उठली की बाईंनी सराव थांबवला. "पौडच्या सामन्याला हे चालणार नाही. पंच फाऊलवर फाऊल देतील. तालुक्याच्या स्पर्धेला पोरं आणायची नाहीत."

मग कमल म्हणाली, "मग आमी बी न्हाई येत, बाई." रुसून नव्हे, आज बाजार आहे, उद्या अमावास्या आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

मुली पांगल्यावर बाई करंजाखाली आल्या. मी छबीच्या केसांतल्या काड्या काढत होते. "सुमित्रा, तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही. पौडला या पोरांच्या तोंडून एकही खो निघता कामा नये. नाही निघाला, तर शेवटच्या डावात मी तुला उतरवीन. कबूल?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. मला मैदानात उतरायचंच होतं. कपबशी, ढाल, फोटो असलं काही नको होतं. पौडच्या मैदानावर फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या चौकोनात बसायचं, मागून पावलं वाजताना ऐकायची, आणि पाठीवर हात पडून माझ्यासाठी म्हटलेला खो ऐकायचा. एकदाच. आजवर मी शेकडो खो ऐकले होते, त्यांतला एकही माझा नव्हता. "कबूल, बाई," मी म्हटलं आणि त्या रात्री आनंदानं जेवलेच नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय बोरांचा. तोंडात बोर असेल तर खो म्हणता येत नाही, हा माझा शोध. पण बोर संपतं, बी उरते, आणि बंड्यानं ती नाकात घातली. ती काढेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बोरं बंद.

दुसरा उपाय पाण्याचा. प्रत्येकानं तोंडात घोटभर पाणी धरायचं आणि गिळायचं नाही. ज्याचे गाल शेवटपर्यंत फुगलेले राहतील तो राजा. हा खेळ पोरांना भलताच आवडला. सात पोरं गाल फुगवून, डोळे वटारून, एका रांगेत मैदानाकडं बघत बसायची. छबी सगळ्यांत पटाईत. तिच्या तोंडातलं पाणी तिच्या मर्जीशिवाय हलायचं नाही. पण बाकीच्यांना पाणी गिळून पुन्हा घोट मागायची सवय लागली, आणि त्याचा जो परिणाम व्हायचा तो चड्ड्यांवर व्हायचा. मी ओल्या चड्ड्या करंजाच्या फांदीवर वाळत घालायची, आणि कुंपणाशी उभी म्हातारी माणसं आता खेळाऐवजी त्याच मोजत बसायची.

तिसरा उपाय मला भाकरी खाताना सुचला. शब्द तोंडातून निघणारच असेल तर दुसरा निघू दे. पोरांना गोळा करून सांगितलं, "ऐका. खो हा शबूद आता मोठ्यांचा. तुमचा शबूद हाय भो. त्या खो म्हणल्या का आपण म्हणायचं भो! जो खो म्हणंल त्याला बाहुलीच्या लग्नाला बोलवायचं न्हाई." दारामागून एकदम येऊन दुसऱ्याला घाबरवायचा तो भो. पोरांना तो आधीच प्यारा होता. तिकडं खो झाला की इकडून सात गळ्यांतून भो! आठवडाभरात कमल शांत बसायला शिकली. मीही रात्री झोपेत "शू, भो म्हण, भो" असं बडबडते म्हणून आईनं माझी दृष्ट काढली.

पौडला आम्ही कमलच्या वडलांच्या बैलगाडीतून गेलो. भाताची पोती गिरणीवर न्यायची होती, त्या पोत्यांवर आम्ही. नवा आंबेमोहोर, त्याचा वास गाडीभर. अजूनही कुकरची शिट्टी झाली की मला त्या गाडीतली थंडी आठवते. कचेरी मागं टाकून, एसटी स्टँडाच्या अलीकडं मैदान. मैदानावर ओल्या पहाटेची माती आणि तिच्यावर ताजी फक्की. त्या चुन्याचा वास नाकात गेला आणि मी आखलेले चौकोन मोजायला लागले. समोरच्या शाळेच्या मुलींच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते. आमच्या पायांत जे देवानं दिलं तेच.

आमच्या संघातली शमीम म्हणाली, "माझ्या खालाचं दुकान हितंच हाय, बांगड्यांचं. पाणी तिच्याकडनं आणू." खाला, म्हणजे तिची मावशी, स्वतःच कळशी घेऊन आली. पाहते तर कडेला सात पोरं, गाल फुगलेले, तोंडातून शब्द नाही.

"अगं बया! समद्यांची गालफुगी एकदमच आली व्हय?"

मी काही सांगायच्या आत शेजारच्या संघाच्या बाईंनी "गालफुगी" एवढाच शब्द ऐकला, गालगुंडाची साथ समजल्या आणि आपल्या मुली उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेल्या. आम्हांला सावलीची सगळी जागा मिळाली. खालाला खरा प्रकार कळला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत बसली. "आन तुला ह्याच्यात काय मिळतंय गं?"

"शेवटच्या डावात उतरवणार हायेत मला."

"मग लक्ष ठेव. मी बी ठेवते," खाला म्हणाली आणि मांडी घालून बसली. दुकान तिकडं उघडंच राहिलं असावं.

पहिला सामना पाण्यावर निभावला. दुसरा सामना शेवटचा, जिंकेल त्याची ढाल; तोवर सगळ्या चड्ड्या बदलून झाल्या होत्या, म्हणून भो सुरू केला. आमच्या मुली पाठलागाला बसल्या आणि पहिला खो झाला तशी सात पोरं जी ओरडली, "भो!", की समोरची पळणारी मुलगी दचकून रेषेबाहेरच गेली. त्यांच्या बाई तावातावानं पंचांकडं. "हे काय चाललंय? ही मुलं आमच्या मुलींना घाबरवतायत!" पंच म्हातारे होते, कानटोपीतले. त्यांनी पोरांकडं पाहिलं, खिशातलं नियमांचं पुस्तक बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं आणि म्हणाले, "खो म्हणू नये असा नियम आहे. भो म्हणू नये असा नियम नाही. खेळ सुरू!"

मी श्वास धरून एकेक खो मोजून घेत होते. बंड्याचं तोंड 'ख'च्या आकाराचं झालं की मी नुसती त्याच्याकडं बघायची, तो 'भ'वर यायचा. असा सगळा वेळ निघाला. शेवटचा डाव आला आणि बाईंनी हात केला. "सुमित्रा! ये."

दिला शब्द बाईंनी पाळला होता. आणि मी उठायला गेले तर परकर ओढला गेला. छबी. डोळे भरलेले. "आक्का, मी बी."

आता जर ही रडली तर सातही रडतील, कमलचे पाय करंजाच्या सवयीनं तिकडंच वळतील, आणि सगळंच मुसळ केरात. मी खाली बसले आणि माझ्याजवळची एकुलती एक गोष्ट तिला देऊन टाकली. "छबे, आता तू राखीव. ह्या समद्यांवर तुजं ध्यान. कुणाच्या तोंडातनं खो निघाला तर तू बघायचं."

तिनं डोळे पुसले. एक पाऊल पुढं येऊन रांगेसमोर उभी राहिली आणि बंड्याला पहिलाच हुकूम सोडला, "ए, गप बस."

मैदानात पाटीत बसल्यावर काही दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरची एक बाजू दिसते, बाकी सगळं कानांनी बघायचं. मागून पावलं आली की वाटे, आता! आणि ती पुढं जाऊन दुसऱ्याच कुणाला खो मिळायचा. साहजिकच होतं, भरवशाच्या मुली सोडून मला कोण देणार? वेळ संपत आला होता. मी गुडघ्यांवर बोटं दाबून बसले होते आणि मनात एकच धोशा, एक, एक तरी. कॅनव्हासच्या बुटांतली मुलगी हुलकावणी देऊन बरोब्बर माझ्या समोरच्या बाजूला आली. पाठलाग करणाऱ्या शमीमला तिकडं वळता येत नव्हतं. तिला माझ्याशिवाय इलाज नव्हता. पाठीवर थाप पडली आणि कानाशी खणखणीत, "खो!"

आणि मी काय केलं? मी गर्रकन मागं वळले, ओठांवर बोट ठेवलं आणि शमीमला दटावलं, "शू! भो म्हणायचं, भो!"

क्षणभर मैदानावर कुणालाच काही सुधरलं नाही. मग पंचांच्या शिट्टीतून नुसतीच हवा निघाली, कारण ते हसत होते. खाला हसत होती, गाडीजवळ उभे कमलचे वडील हसत होते. माझ्या समोरची ती मुलगी तर पोट धरून वाकली होती. शमीम माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. "ए येडे, खरा खो हाय! तुला दिलाय! पळ!"

मला दिलाय. हे कळलं आणि पहिल्यांदाच मी कोपरांचा विचार केला नाही. उठले काय, पुढं पडलेच म्हणा. त्या पडण्यातच माझा हात त्या पांढऱ्या बुटाच्या टाचेला लागला. बाई त्याला पुढं वर्षभर सूर म्हणत राहिल्या. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. पंचांनी हात वर केला, गडी बाद! टाळ्या झाल्या, पण मला ऐकू आलं ते करंजाइतकंच ओळखीचं. कडेला रांगेत उभी राहून सहा पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "भो! भो! भो!" आणि सगळ्यांच्या पुढं, हात कमरेवर ठेवून, माझी छबी. ती ओरडत नव्हती. ती कोण काय ओरडतंय ते बघत होती.

सामना आम्ही एका गड्यानं हरलो. ढाल बुटांकडं गेली. परतीच्या गाडीत पोती नव्हती, रिकाम्या गाडीत आम्ही एकमेकींवर आपटत, गाणी म्हणत आलो. वाटेत कमल म्हणाली, "सुम्ये, तुज्यामुळं हरलो आसतो तर मारलंच आसतं तुला. पर हसलो लई." बंड्या तिच्या मांडीवर झोपला होता आणि झोपेत गाल फुगवत होता. मी सोलवटलेल्या कोपरांना थुंकी लावत बसले होते. इतकं सुख मला पुढं फार थोड्या वेळा झालं.

पुढच्या वर्षी मी सातवी झाले, मग हायस्कूल, जाऊन येऊन पायपीट. खेळ राहिला. माझ्या वाट्याला आयुष्यात एकच खो आला, आणि तोही मी आधी नाकारला. याचं दुःख आहे का? खरं सांगायचं तर बरीच वर्षं थोडंसं होतं. शाळेच्या मैदानावरून जाताना पाय रेंगाळायचे.

कमल कासारसाईला दिली, तिला आता सुना आहेत. बंड्या रिह्यातल्या बंगल्यांना दूध घालतो. मला पाहिलं की मोटारसायकल थांबवून "भो" म्हणतो आणि जातो. आणि छबी? छबी खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळली. पुढं शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मागं एकदा मी तिला विचारलं होतं, "छबे, तुला गं कुणी शिकवलं एवढं?" तर म्हणाली, "तूच की आक्का. तोंडात पाणी धरून बसवायचीस. बोलता येत न्हवतं, मग बघत बसायचे. कोण कुठून उठतंय, कुणाचा पाय रेषेला लागला, समदं. तवाच शिकले." ते झाड माझ्याच हातांनी मी लावलं होतं आणि त्याची सावली मला इतक्या वर्षांनी दिसली होती.

तर शनिवारी आम्ही पौडला गेलो. स्टँड बदललंय, मैदानाभोवती गाड्या लागतात, मुली रबरी गादीवर खेळतात. पण कडेला पोरं तीच. कुणी आजीच्या मांडीवर, कुणी मोबाइलमध्ये, एक उगाच उठून फाटकाच्या दिशेनं चाललेलं. विहानही मोबाइलमध्ये होता, तोवर माझं काम सोपं होतं. मी निवांत मैदानाकडं बघत होते. ईरा पाटीत बसली होती, मान ताठ, बोटं गुडघ्यांवर. आणि पंच म्हणून मैदानात, पांढऱ्या टोपीत, गळ्यात शिट्टी, आमची छबी. मुळशीत नात्याबाहेरचा पंच आणायचा कुठून? गावंच्या गावं एकमेकांच्या सोयऱ्यांची.

ईराच्या मागून पावलं यायला लागली. माझे हात नकळत माझ्या गुडघ्यांवर गेले, बोटं दाबली गेली, कान मागं लागले. मी पौडलाच होते, पण आजच्या शनिवारी नव्हते. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "खो!"

विहान. मोबाइलची बॅटरी संपली असावी. तिकडं ईरा ताडकन उठली आणि तिच्या पाठीवर कुणाचाही हात नव्हता.

शिट्टी झाली. छबीनं सख्ख्या भाच्याच्या लेकीला फाऊल दिला, जराही न कचरता. सुनेनं डोक्याला हात लावला. मग छबी रेषेपाशी आली, आमच्या समोर उभी राहिली. चेहरा पंचाचा, त्यावर ओळखीची रेघ नाही. वाकून तिनं माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, विहानच्या हातात दिली.

"तोंडात धर. गिळायचं नाही. शेवटपर्यंत गाल फुगलेले राहिले तर तू राजा."

त्यानं घोट घेतला, गाल फुगवले आणि डोळे वटारून मैदानाकडं बघायला लागला. छबी सरळ झाली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "राखीव गडी, लक्ष कुठाय तुमचं?"

लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. मी विहानच्या हातातून बाटली घेतली आणि एक मोठा घोट तोंडात धरून बसले. नाहीतर भर सामन्यात खो-खो हसले असते, आणि त्या पोरीनं मलाही फाऊल दिला असता.